चारी वस्तू, चारी महिने

आषाढ शुद्ध ११, शके १८१३

वही गोपीनाथाच्या कपाटातून घेतली. विचारलं नाही. नऊ महिने पोटात राहिला तेव्हा त्याने तरी कुठं मला विचारलं होतं.

लहानपणी कल्याणास दोन वर्षं शाळेत गेले, तेवढ्या भांडवलावर लिहिते. काना-मात्रा चुकेल, चुकू दे. हे म्हणाले, "बायको दैनंदिनी लिहिणार! मग मी उद्यापासून कचेरीत भाकऱ्या थापतो." थापल्या तर निदान एक काम होईल त्या कचेरीत. तोंडावर बोलले नाही, इथं लिहिते.

कारण असं. सुनेला, गोदाला, तिसरा महिना लागलाय. मागच्या खेपेला पाचव्यात गेलं. या खेपेला मी देवापुढं पाणी सोडलं, नातू दे, चातुर्मास पाळीन. आमच्या नौपाड्यातल्या बायका श्रावणात पालेभाजी सोडतात, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळ. एक सोडली की मागची धरली. हे व्रत का झिम्मा? मी म्हटलं, चारी वस्तू, चारी महिने. कार्तिकी द्वादशीला उद्यापन. एकही दिवस चुकू नये म्हणून ही वही.

शेजारच्या आवडाबाईंनी फक्त वांगं सोडलंय. वांग्याने त्यांना खाज सुटते हे साऱ्या आळीला ठाऊक आहे. देवाला ठाऊक नसेल?

आषाढ वद्य ४

आठ दिवस झाले. भात, आमसुलाचं सार, बटाटा, पुन्हा भात. पोटात जाळ, पायात गोळे, जिभेला फोड. रागही फार येतो, पण तो आधीही यायचा.

भटजींना बोलावलं. ते म्हणाले, "काकू, फळ कोणाच्या पदरात पडायचं आहे?"

"सुनेच्या."

"मग आचरण सुनेनं केलं तर उत्तमच. संकल्प तुमचा, आचरण तिचं."

वीस वर्षं या माणसाला शिधा देते आहे. शहाण्यासारखं आज पहिल्यांदा बोलला.

गोदाला सांगितलं. म्हणाली, "बरं, आई." या पोरीला देवाने एकच शब्द दिलाय. सतराची झाली, तरी दुसरा शिकली नाही.

संध्याकाळी मी दूधभात खाल्ला. पोट निवलं. व्रत चालू आहे.

आषाढ वद्य १२

आमच्याकडे तांदूळ दोनदा सडून घेतात. भात पानात पडला की मोगऱ्याची फुलं पडल्यासारखा दिसतो. खोपटच्या आगऱ्यांसारखा तांबडा, कोंड्यासकटचा भात आमच्या घरात आला तर हे ताट भिरकावतील. कोंडा सगळा म्हशीला जातो.

म्हशीची कांती बघावी, कशी तुकतुकीत. आणि सुनेची बघावी. ओठाच्या कोपऱ्यांना चिरा, केस हातात येतात. दोघींना घरात ठेवून घेतलं, एकीनेच चीज केलं.

श्रावण शुद्ध ५

आज सगुणा आली. खोपटची आगरीण, परसदारी भाजी घेऊन येते. टोपली उतरवली आणि बोलायला लागली, "काकू, शेवग्याचा पाला हाय, कवला कवला. हादगा पन हाय. पोरीसाठी आनलाय."

"श्रावणात पाला? आमचं व्रत आहे."

"कोनाचा व्रत?"

"माझं."

"मंग तुमी खाव नका. तिला द्या."

"पाळते ती."

सगुणा टोपलीवर हात ठेवून हसली. मेलीचे दात मोत्यासारखे. "म्हंजे देवाशी बोलल्या तुमी, नि त्वांड बांधला तिचा?"

"तुला काय कळतं त्यातलं? उचल टोपली."

"उचलतंय. पन पोर पांढरी पडली हाय, बगा जरा."

"पांढरी नाही, गोरी. आमच्या घरात सुना गोऱ्याच आणतात."

टोपली उचलून गेली. जाताना गोदाकडं बघत होती. भाजीवाल्या बायकांनी भाजीकडं बघावं.

श्रावण वद्य ८

गोकुळाष्टमी. तिन्हीसांजेला गोदाने दह्याचं मडकं फोडलं. मडकं माजघराच्या मधोमध, आंधळ्यालाही दिसेल असं. म्हणते, "दिसलं नाही, आई."

दुपारी ही पोर सुईत दोरा ओवते. सांज झाली, पाणी भरायची, दिवे लावायची वेळ आली, की हिला दिसत नाही. असे डोळे मलाही हवे होते, सासूच्या राज्यात उपयोगी पडले असते. रात्री जेवताना पानातसुद्धा चाचपते. सोंग घ्यावं तर असं पुरं घ्यावं.

गोपीनाथ समोर होता. त्याने पानातून मान वर केली नाही. पितांबर नेसवलेला खांब आहे माझा मुलगा.

भाद्रपद शुद्ध ७

गौरी आल्या. आल्या म्हणायच्या.

आमच्यात गौर दिवेलागणीला सुनेने आणायची, दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली असतात, त्यावरून. बायका जमल्या होत्या. मी घंटा वाजवत पुढं, गोदा गौर घेऊन मागं. "गौर आली कशाच्या पावलांनी?" मी विचारलं. "सोन्याच्या पावलांनी," असं म्हणून ती सरळ चौकटीवर आपटली. कपाळ फुटलं. गौर मात्र छातीशी धरून ठेवली, ती पडू दिली नाही. तेवढी अक्कल देवाने ऐन वेळी दिली.

आवडाबाई म्हणाल्या, "अहो, तुमची सून गौरीला आणतेय का गौर तिला ओढतेय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसू नाही तर काय करू, पावलं पुसून गेली होती.

भाद्रपद वद्य ६

हे लिहिते ते कोणाला सांगणार नाही.

सोंग आहे का खरं, ते एकदा बघायचं ठरवलं. दिवे लागायच्या वेळी माजघरात जाण्याच्या वाटेवर पाट आडवा टाकला. मीच टाकला. मनात म्हटलं, दिसत असेल तर वळसा घालील, आणि मग मी आहे नि ती आहे.

गोदा आली. भिंतीला हात लावून, पाय घासत. पाटावर पाय अडला आणि पुढं कोसळली. पोटावर नाही, गुडघ्यावर आणि हातावर पडली. उठून पाट उचलला, चाचपत जागेवर ठेवला आणि म्हणाली, "माझ्याकडूनच राहिला असेल, आई."

रात्री लुगड्याला दोन थेंब रक्त. पाचवा महिना.

रखमाबाई सुईण येऊन गेली. पाय उशीवर ठेवून निजवलं. सकाळपर्यंत थांबलं.

सोंग नाही. ते बरं की वाईट, मला कळत नाही.

भाद्रपद वद्य ८

वैद्यबुवा आले. नाडी बघितली, पापणी खाली ओढली, संध्याकाळपर्यंत बसून राहिले आणि अंधार पडताना तिच्यापुढं बोटं नाचवली. तिला एकही मोजता आलं नाही.

मला म्हणाले, "रातांधळं आहे. अंगात रक्त नाही. काय खाते?"

"भात. सार. व्रत आहे."

"व्रत किती दिवसांचं?"

"चार महिने. चारी वस्तू."

बुवांनी हात जोडले, मला की व्रताला कोण जाणे. म्हणाले, "हादग्याचा पाला तुपात परतून द्या. शेवगा द्या. दूध द्या, शेरभर. शास्त्रात तर बकऱ्याचं काळीज सांगितलंय, पण ते तुमच्या घरात बोलायची सोय नाही. हे न दिलंत तर डोळे कायमचे जातील, आणि पोटातलं राहील याची हमी मी देत नाही."

पाला, दूध. नेमकं जे सोडलंय तेच. मोडलं तर देवाशी खोटी पडेन. गेल्या खेपेला काही व्रत नव्हतं, तेव्हा काय झालं? पाचव्यात गेलंच ना? मग व्रताने काय बिघडवलं? वैद्याला हे विचारायला हवं होतं, पण सुचलं तो बुवा गाडीत बसले होते.

सगुणा परसात टोपली घेऊन उभी होती. शब्द न् शब्द ऐकला असणार. तिच्या डोळ्यांत मला मुळीच भीती दिसत नाही. आम्ही त्यांना फार लाडावून ठेवलंय.

आश्विन शुद्ध २

हे जेवताना म्हणाले, "रातांधळी सून घरात ठेवून करायचं काय? विहिरीत पडली म्हणजे पंचनामे. कल्याणास माहेरी पाठवून द्या. गोपीनाथाचं दुसरं बघू. पनवेलकरांची मुलगी आहे."

गोपीनाथ म्हणाला, "आई म्हणेल तसं." आई म्हणाली असती विहिरीत उडी मार, तर याने धोतर खोचून विचारलं असतं, कोणत्या.

मी म्हटलं, "उद्यापनापर्यंत राहू दे. अर्ध्यात गेली तर व्रत फुकट जाईल."

"ठीक. द्वादशीला बघू. तोवर डोळे आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी गाडी."

गोदा आत भांडी घासत होती. घासण्याचा आवाज मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

आश्विन शुद्ध १५

कोजागिरी. अंगणात बसलो होतो. चंद्र नुकताच वर येत होता, उजेड असा फारसा नव्हता. मी दुधाची वाटी तोंडाला लावणार, तेवढ्यात गोदा म्हणाली, "आई, दुधात मुंगी आहे."

बघते तो खरंच. काळी, बारीक.

हिला मुंगी दिसली! महिन्यापूर्वी पाट दिसला नव्हता. मी तिला म्हटलं, "अंगण ओलांडून तुळशीपाशी जा." सरळ गेली. वाटेतली कळशी ओलांडून, लुगडं सावरून.

व्रत फळलं. ना हादगा, ना दूध, नुसतं व्रत. आता वैद्यबुवांना बोलावून त्यांचीच नाडी बघायला हवी. आवडाबाईंना लगेच कुंपणावरून हाक मारून सांगितलं. तोंड वांग्यासारखं झालं.

आश्विन वद्य ४

कोणी येण्याआधी घाईत लिहिते. अक्षर आधीच वाईट.

दिवेलागणीला म्हशीला बघायला गोठ्यामागं गेले. तोंडलीच्या मांडवाखाली गोदा दगडावर बसलेली. पुढ्यात सगुणा उकिडवी. गोदाच्या हातात पळसाचं पान, पानात काळं, भाजलेलं काहीतरी. वास आला आणि मला कळलं.

"काय आहे ते?"

सगुणा उठलीसुद्धा नाही. "औशद."

"कसलं?"

"वैद्य बोलला तां. तुमच्या घरान बोलाची सोय नाय, म्हनून घराबायेर आनलाय."

मी म्हटलं, "रांडे, माझी सून बाटवलीस!"

"माझी थोरली अशीच झालती, काकू. पोटान पोर, नि राती भित धरून चालाची. माझे घरवाल्यान, धाकून, कालीज आनला, चार दिसांत डोले आले. तुमची नि माझी पोर येगली हाय का?"

वेगळी नाही तर काय? हे मी बोलणार होते. पण गोदा बोलली. चार वर्षांत पहिल्यांदा 'बरं, आई' न म्हणता उलट बोलली.

"आई, तिनं नाही बाटवलं. मी मागितलं. पहिल्या दिवशी ओकले. दुसऱ्या दिवशी ओकले. तिसऱ्या दिवशी पोटात राहिलं. मला कल्याणास नाही जायचं." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "तुमचं कुंकू उजवीकडं पुसलंय. मला दिसतंय."

घरातून यांची हाक आली, "परसात कोण आहे गं?"

माझ्या एका शब्दाचं काम होतं. सून रात्रीच्या रात्री कल्याणास गेली असती, तिच्या बापाला जातीने वाळीत टाकलं असतं आणि आमच्या घराला प्रायश्चित्त पडलं असतं ते वेगळंच.

"मीच आहे," मी म्हटलं. "म्हशीला बघतेय."

सगुणाला म्हटलं, पुन्हा इकडं फिरकलीस तर तंगडं मोडीन. गोदाला राखेने तोंड धुवायला लावलं, विहिरीवर चार कळश्या ओतून घ्यायला लावल्या, आणि देवाला शिवू नकोस म्हणून बजावलं. नाहीतरी रडतच होती, आणखी पाणी कशाला लागत होतं कोण जाणे.

आता देवाने काय ऐकलं? मुंगी कोणी दाखवली? हे लिहू नये, पण लिहिलं.

आश्विन वद्य १०

सगुणा येत नाही. भाजी दुसरीकडून घेतली. किडकी.

आश्विन अमावास्या

घरभर पणत्या. गोदा ताट घेऊन ओटीवरून येत होती. मी बघत होते. माजघराच्या दाराशी तिचा डावा हात भिंतीला लागला आणि भिंतीवरच राहिला.

मी बघते आहे हे तिला दिसलं नाही.

कार्तिक शुद्ध २

भाऊबीज. गोपीनाथाची बहीण येऊन गेली, ओवाळून, खाऊन, माझ्या लोणच्याला नावं ठेवून.

तिसऱ्या प्रहरी मी खोपटला गेले. चालत. या वयात, या टाचांनी. यांना सांगितलं की देवळात जाते. देऊळ वाटेत आहे, म्हणजे खोटं नाही.

सगुणाचं घर कुडाचं. अंगण माझ्यापेक्षा चांगलं सारवलेलं, ते मात्र डोळ्यांत खुपलं. पाच पोरं बांधावर लोळत होती, म्हशीसारखी तुकतुकीत. सगुणा तांबडा भात नि कसलासा पाला कालवत बसली होती. मला बघून उठली आणि घोंगडी टाकली. मी बसले नाही.

"भाजी का आणत नाहीस?"

"तंगडा मोडनार होत्या ना?"

"मोडीन तेव्हा मोडीन. भाजी आण."

"कंची भाजी, काकू?"

मेलीला ते माझ्या तोंडून हवं होतं. धाकू कोनाड्यापाशी विळ्याला धार लावत होता, त्याने मान फिरवून घेतली. त्याला निदान लाज आहे.

"तीच," मी म्हटलं.

"डोले परत ग्येले?"

मी मान हलवली.

ती हसली नाही. हसली असती तर मी परत आले असते. म्हणाली, "आजच येतंय. पन पालापन खायला व्हवा, दूधपन व्हवा. मी येकटी किती आनू? तुमचा द्येव काय बोलेल तां तुमी बगून घ्या."

परत येताना वाटेत देवळात गेले, बोलले होते म्हणून. उभी राहिले. काही मागितलं नाही. चार महिने त्या पोरीच्या तोंडचं दूध काढून आम्ही तुझ्यापुढं ठेवलं आणि मी प्यायले, आणि तू मुंगीसुद्धा दाखवली नाहीस, असं बोलायचं तोंडावर आलं होतं. पुजारी जवळ होता म्हणून राहिलं.

रात्री गोदाच्या भातात दूध ओतलं. तिने वर बघितलं. मी म्हटलं, "जेव. संकल्प माझा आहे, मोडला तर मला लागेल. तू बघू नकोस."

"बरं, आई," म्हणाली. मला वाटलं होतं, आता तरी दुसरं काही म्हणेल.

कार्तिक शुद्ध १२

उद्यापन. बारा ब्राह्मण, पाच सवाष्णी. आवडाबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या, वांग्याची भाजी चारदा घेतली. त्यांचं उद्यापन आज सकाळीच झालं म्हणे. खाजेचं काय झालं ते विचारलं नाही.

भटजींनी माझ्या हातावर पाणी घातलं. "काकू, व्रत यथासांग झालं? खंड नाही पडला?"

गोदा माझ्या शेजारी पाटावर. परवाच गोठ्यामागून तोंड पुसत आलेली. डोकं खाली, हात गारठलेला. आवडाबाई मान लांब करून ऐकत होत्या. हे समोर हात जोडून बसलेले.

"यथासांग झालं," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, शेवटच्या सवाष्णीला ऐकू जाईल असं. पाणी सोडलं. भांडं हातातून पडलं नाही, वीज कोसळली नाही, भटजींनी दुसरा लाडू घेतला.

पंगती उठल्या, दिवस कलला, तेव्हा यांना आठवण झाली. ओटीवर बसून गोदाला हाक मारली. अजून दिवा लावलेला नव्हता. "सूनबाई, माझा चष्मा कुठं ठेवलाय बघ." मला माहीत होतं, यांनी तो मुद्दाम फडताळाखाली, कोपऱ्यात सरकवला होता. या घरात तशा युक्त्या सगळ्यांना सुचतात.

मी चुलीपाशी उभी होते. जागची हलले नाही.

गोदा आली, खाली वाकली, कोपऱ्यातून चष्मा काढला, पदराने पुसून यांच्यापुढं ठेवला. भिंतीला बोटसुद्धा लावलं नाही.

हे म्हणाले, "हं. कल्याणचं राहू द्या आता."

गोपीनाथ म्हणाला, "मला वाटलंच होतं." खांबाला वाटतंही, हे मला आज कळलं.

आवडाबाई म्हणाल्या, "तुमच्या व्रताचं सामर्थ्य हो. पुढच्या वर्षी मीही चारी वस्तू धरते, माझी सूनही अशीच आहे."

मी म्हटलं, "तुम्ही वांग्यावरच राहा." त्या रागावून गेल्या. रागावू देत. त्यांची सून तरी दूध पिईल.

मग परसात गेले. सगुणा मांडवाखाली येऊन बसली होती. पान उलगडलं तो त्यात एवढासा तुकडा, चिमणीच्या चोचीत मावेल असा.

"हे एवढंसं आणतात?" मी म्हटलं. "सातवा महिना आहे तिचा, दोन जीव आहेत. तुझ्या धाकूला सांग, हात आखडू नकोस."

"बरा, काकू," म्हणाली मेली. हसत.

गोदा खाईपर्यंत मी दाराशी उभी राहिले, पाठ करून, नाकाला पदर लावून. घरातून कोणी येत नाही ना, ते बघत होते. मग हात दुखायला लागला, पदर खाली घेतला. वास, खरं लिहायचं तर, तितकासा वाईट नाही.